पहिल्या कपाटातली मोरवेल



या पानावर नेहमी भात, नाचणी, खतं, रोग असंच लिहितो. आज अशा एका वेलीबद्दल लिहितोय जी कुणी लावत नाही, कुणी विकत नाही, आणि बांध साफ करायला घेतला की पहिला कोयता जिच्यावर पडतो. मोरवेल. काही गावांत रानजाई म्हणतात. पाऊस ओसरायला लागला की वईवर, करवंदीच्या जाळीवर पांढऱ्या चांदण्या पसरल्यासारखी दिसते ती. फुलं गेली की पिसासारख्या शेपट्यांचे झुबके येतात आणि वाऱ्यावर उडून जातात.

आपल्या लेखी तिची किंमत ही एवढी. पण पुस्तकात बघायला गेलात तर पहिलं पान तिचंच आहे. आणि ही थट्टा नाही, खरंच पहिलं. बेंथम आणि हुकर या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी 1862 ते 1883 या काळात जगातल्या फुलझाडांचा एक क्रम लावला. त्यात पहिलं कुळ मोरवेलीचं आणि त्या कुळात पहिली प्रजाती क्लेमॅटिस, म्हणजे मोरवेलच. हुकरचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1872 मध्ये निघायला लागला, तो हिच्यापासून सुरू होतो. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 मध्ये निघाला, तोही तसाच. वनस्पतींचे जुने संग्रह याच क्रमाने लावलेले असतात, त्यामुळे पहिलं कपाट उघडलं की वरच्या खणात क्लेमॅटिस. आंबा, जांभूळ पुढे कुठेतरी. भात तर पार शेवटच्या कपाटांत, कारण गवताचं कुळ शेवटाला येतं.

ज्यांनी हर्बेरियम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फुलं-पानं-फळं असलेली फांदी तोडायची, कागदांच्या घडीत दाबून वाळवायची, साधारण 28 बाय 42 सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायची आणि उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर कुणी तोडली, कधी, कुठे, किती उंचीवर, आजूबाजूला काय होतं, लोक तिला काय म्हणतात. कीड लागू नये म्हणून पाऱ्याचं विष लावायचे, म्हणून जुने कागद उघड्या हाताने चिवडायचे नसतात. नीट ठेवलेला कागद दोनशे वर्षंसुद्धा टिकतो. आता असे बरेच कागद फोटो काढून मोबाईलवर बघायची सोय झाली आहे. पावसाळ्यात लावणी उरकल्यावर मी ते बघत बसतो. घरच्यांना वाटतं हा माणूस यूट्यूब बघतोय.

आता मूळ मुद्दा. या कागदांवरून वेलीचा इतिहास कळतो हे खरं, पण त्याहून जास्त कळतं ते गोळा करणाऱ्यांचं. ते कुठे उतरले, कुठल्या रस्त्याने आले, कोणत्या महिन्यात त्यांना वेळ होता. आणि हे नीट समजून घेतलं नाही तर आपल्या डोंगरात काय आहे आणि काय नाही याचा हिशेब चुकतो.

आधी नावाचा घोळ. आपण ज्यांना मोरवेल म्हणतो त्या सह्याद्रीत एकच जातीच्या नाहीत. पावसाच्या शेवटी मोठी पांढरी फुलं येणारी आणि पानांवर मऊ लव असणारी एक. हीच रानजाई. हिची पानं मोठी लहरी, एकाच वेलीवर कुठे साधं पान, कुठे तीन खाचांचं, कुठे तीन सुट्ट्या पानांचं. दुसरी थंडीत फुलते, नोव्हेंबर ते जानेवारी. फुलं बारीक पण घोसच्या घोस, आणि पानं गुळगुळीत. तिसरीची तीन-तीन पानं चामड्यासारखी जाड. आणि चौथी महाबळेश्वरसारख्या उंचावरची, अंगभर लोकर असल्यासारखी. शास्त्रीय नावं अनुक्रमे क्लेमॅटिस हेनेई, गौरियाना, हेडीसारिफोलिया आणि वायटियाना. चारही पानाच्या देठाचा वेढा घालून चढतात, मोगलाई एरंडासारखं नुसतं उभं राहणं त्यांना जमत नाही. आणि गंमत म्हणजे ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नसतातच, ती निदलं असतात, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण. ही वेल फुलवते ते वेष्टन.

या नावांतला इतिहास बघा. गौरियाना हे नाव गौर या बंगालमधल्या ओसाड राजधानीवरून आलं, आजचा मालदा जिल्हा. रॉक्सबर्गच्या काळात वेल तिथली म्हणून नोंदली गेली. आपल्या घाटात ती गावोगाव आहे, पण नाव कायमचं बंगालचं.

रानजाईची कथा आणखी लांबची. बेंजामिन हेन नावाचा जर्मन डॉक्टर मिशनरी म्हणून दक्षिणेत आला, नंतर ईस्ट इंडिया कंपनीकडे वनस्पतींचं काम करू लागला. म्हैसूरकडे, तेलंगी मुलुखात फिरून त्याने झाडं गोळा केली. 1819 मध्ये तो मद्रासला वारला. त्याची वाळलेली झाडं जर्मनीत ब्रेमेनजवळ आल्ब्रेख्ट रोथ या डॉक्टरकडे पोचली होती. रोथने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. त्याने कागदावरची वेल बघून 1821 मध्ये तिचं वर्णन छापलं आणि नाव दिलं ट्रायलोबा, तीन खाचांची. म्हणजे वेल दख्खनची, तोडणारा मेलेला, वर्णन करणाऱ्याने ती जिवंत पाहिलेली नाही, आणि पान मात्र कधी तीन खाचांचं तर कधी नाही. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हेच नाव सगळ्या पुस्तकांत चाललं. मग लक्षात आलं की हेच नाव आधीच दुसऱ्या एका झाडाला दिलेलं आहे, आणि नियम असा की एक नाव दोघांना चालत नाही. सातबाऱ्यावर एकच गट नंबर दोघांच्या नावे लागल्यासारखं. शेवटी एम. ए. राव या भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी हेनच्या आठवणीसाठी हेनेई हे नाव दिलं. जुन्या औषधी पुस्तकांत ट्रायलोबा दिसलं तर ती हीच रानजाई समजायची.

चिठ्ठीवर काय लिहायचं हे त्या काळी ठरलेलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हुकर आणि थॉमसन यांच्या संग्रहातून आपल्या भागातली झाडं युरोपभर वाटली गेली, त्यांवर छापील चिठ्ठी होती. ठिकाण, मलबार, कोकण वगैरे. गोळा करणारे, स्टॉक्स, लॉ वगैरे. मलबार, कोकण वगैरे! मुंबईपासून केरळपर्यंतचा मुलूख एका ओळीत. तारीख नाही, उंची नाही. स्टॉक्स आणि लॉ हे दोघेही मेहनती होते, लॉ तर ठाण्याकडे सरकारी नोकरीत राहून घाट पालथे घालत असे. पण त्यांची टिपणं वेगळी पडली आणि झाडं एका गठ्ठ्यात गेली. आज त्या कागदावरून एवढंच कळतं की अमुक झाड पश्चिम किनाऱ्यालगत कुठेतरी होतं. एवढं तर बैलालाही माहीत असतं.

कुक यांचं पुस्तक मला याच्यासाठी आवडतं. हा माणूस मुळात इंजिनिअर, रेल्वेवर काम केलेला, नंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्रिन्सिपल. निवृत्त होऊन इंग्लंडात गेल्यावर त्याने हा ग्रंथ लिहिला. प्रत्येक जातीपुढे ठिकाण, त्यापुढे गोळा करणाऱ्याचं नाव, आणि नावापुढे उद्गारचिन्ह. ते चिन्ह आश्चर्याचं नाही. त्याचा अर्थ, हा नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. ज्याच्यापुढे चिन्ह नाही ती ऐकीव किंवा छापील नोंद. आपल्या तलाठ्यांनी पीकपाहणीत अशी खूण सुरू केली तर किती पानं बिनचिन्हाची निघतील बघा.

त्या उद्गारचिन्हांमध्ये बऱ्याच साहेबांची नावं आहेत, वुड्रो, डालझेल, गिब्सन, रायन. आणि मधेमधे कानिटकर, गरडे, भिवा. भिवा. आडनाव नाही, हुद्दा नाही, नुसता भिवा. पुण्याच्या संग्रहासाठी झाडं आणणारा माणूस. साहेबाचं नाव चरित्रकोशात सापडतं. भिवाचं गाव कोणतं, तो कुणाचा कोण, हे पुस्तक सांगत नाही. पण उद्गारचिन्ह त्याच्याही नावापुढे तेवढंच मोठं आहे. माझ्या मते घाटातल्या अवघड जागेवरच्या कितीतरी नोंदी अशा माणसांच्या पायांवर उभ्या आहेत.

आता ठिकाणांची यादी डोळ्यांखालून घाला. खंडाळा, लोणावळा, माथेरान, महाबळेश्वर, पुणे. पुन्हा खंडाळा, पुन्हा महाबळेश्वर. मोरवेलीलाच ही गावं एवढी आवडतात का? बोरघाटातून गाडीरस्ता 1830 मध्ये झाला, रेल्वे 1863 मध्ये. महाबळेश्वरला साहेबांच्या हवापालटाची जागा 1828-29 च्या सुमारास वसली, माथेरान 1850 नंतर. जॉन ग्रॅहम हा मुंबईचा पोस्टखात्यातला अधिकारी, मुंबई आणि परिसरातल्या झाडांची पहिली मोठी यादी त्याची, 1839 ची. तो त्याच वर्षी वारला तोसुद्धा खंडाळ्यात. पुस्तकाची उरलेली छपाई निमो नावाच्या मित्राने पुरी केली. म्हणजे बंगला, रस्ता, स्टेशन जिथे, तिथे नोंद. बंगल्यापासून दिवसभरात जाऊन परत येता येईल एवढ्या टापूतली झाडं कागदावर आली.

आमचा हिरडस मावळ भोर संस्थानात होता. डोंगर तेच, पाऊस तेवढाच किंवा जास्त, मोरवेल प्रत्येक तालीवर. पण माझ्या गावाचं नाव त्या पानांत नाही. वेल्हे, जुन्नरच्या आतली खोरी, पाटणच्या वरच्या वाड्या, जव्हारकडचे पाडे, तुम्ही आपापली गावं शोधून बघा.

महिन्यांचंही तसंच. साहेब डोंगरावर यायचे उन्हाळ्यात, एप्रिल-मे. तेव्हा रानजाई वाळून काडी झालेली असते. दुसरी फेरी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. तेव्हा फुलं मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात चार महिने ऊन न दिसणाऱ्या जागी कागदात दाबलेलं झाड वाळत नाही, त्याला बुरशी येते. शेवग्याची शेंग फडताळात विसरल्यावर जी गत होते ती. त्यामुळे पावसातली कोवळी वेल, तिची पहिली फूट, तिचं बांधावर चढणं, हे सगळं कागदावर फार कमी आहे. ते आपल्याला माहीत असतं कारण आपण तेव्हा त्याच बांधावर चिखलात उभे असतो.

पुढे ही सवय काही लोकांनी मोडली. मुंबईच्या झेवियर कॉलेजातले फादर सांतापाव खंडाळ्यालाच गेले, पण एकाच जागी वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या हंगामांत जात राहिले. त्यांचं खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक 1953 मध्ये आलं, त्यानंतर काही वर्षांत पुरंदर किल्ल्यावरचं. पुण्यात सरकारी वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं ऑफिस 1955 मध्ये सुरू झालं, तिथला संग्रह मोठा आहे. आणि 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि व्ही. डी. वर्तक देवरायांत फिरले. देवराई डांबरी रस्त्यावर नसते. पुजाऱ्याला, गावकऱ्यांना विचारल्याशिवाय आत जाता येत नाही. त्यामुळे पहिल्यांदाच गावांची, वाड्यांची नावं अभ्यासाच्या कागदांवर नीट यायला लागली.

एवढ्या सगळ्या खटाटोपाचं शेतकऱ्याला काय, असं कुणी म्हणेल. एक उदाहरण देतो. मूर्वा नावाचं औषध आयुर्वेदात जुनं आहे. तिच्या धाग्याची धनुष्याची दोरी करत, म्हणून दोरीला मौर्वी म्हणत. आता मूर्वा म्हणजे नक्की कोणती वेल? सरकारी आयुर्वेद औषधकोशात मार्सडेनिया टेनासिसिमा दिलेली आहे, ती दुधाळ चिकाची, अगदी वेगळ्या कुळातली. आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र मोरवेल मूर्वा म्हणून वापरली गेली. मूर्वा आणि मोरवेल हे शब्दही कानाला शेजारचेच लागतात. दक्षिणेत तिसरंच झाड. एकाच नावाने तीन पिशव्या भरल्या जातात, आणि मोरवेलीच्या कुळाचा ताजा रस असा जहाल की कातडीवर लागला तर फोड येतात. वाळल्यावर तो जहालपणा बराच उतरतो. फ्रान्समध्ये तिकडच्या क्लेमॅटिसला भिकाऱ्यांची वेल म्हणतात, कारण भिकारी तिचा रस चोळून अंगावर फोड आणायचे आणि भीक मागायचे. गुरंसुद्धा ओली मोरवेल सहसा तोंडात घेत नाहीत. अशा वेली एकमेकींच्या जागी गेल्या तर? पिशवीत कोणती वेल होती हे ठरवायला शेवटी कपाटातला तो चिठ्ठीवाला कागदच काढावा लागतो. 

दुसरं उदाहरण जास्त जवळचं. जैवविविधता कायदा 2002 चा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बरीच वर्षं कुणी हललं नाही. मग हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि सगळीकडे धावपळ झाली. आमच्या भागातली एक नोंदवही मी चाळली. मोरवेल आहे. एक ओळ. उपयोग, औषधी. ठिकाण, डोंगर. कोणती मोरवेल, कोणत्या शिवारात, कधी फुलते, काही नाही. ज्या म्हाताऱ्या बायका तिचा पाला ओळखून आणतात त्यांच्यापैकी कुणाला विचारल्याचीही खूण नाही. मलबार, कोकण वगैरे पेक्षा हे वेगळं कसं? तिथे निदान खरी फांदी तरी चिकटवलेली होती.

आणि याचा फटका कधी बसतो? डोंगराच्या बगलेला खाण येते, रस्ता रुंद होतो, पठारावर काही बांधायचं ठरतं. मग अहवाल लागतो. लिहिणारा आधी जुन्या नोंदी बघतो, मग दोन दिवस उन्हाळ्यात येऊन फिरतो. जुनी नोंद नाही, कारण इथे रेल्वे नव्हती. उन्हाळ्यात वेल दिसत नाही, कारण ती वाळलेली आहे. कागदावर उमटतं, आढळली नाही. नोंद नसणं आणि झाड नसणं या दोन गोष्टी अशा एक होऊन बसतात. रानजाई दख्खनच्या द्वीपकल्पाबाहेर जगात कुठे उगवत नाही हे त्या अहवालात यायला जागाच उरत नाही.

मोरवेल आज संपत चाललीय असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे भरपूर आहे. पण ती होती तिथून सरकतेय हे दिसतं. पूर्वी राबासाठी फांद्या तोडताना वेलही जायची, पण मूळ जमिनीत राहायचं आणि पावसात पुन्हा फुटायचं. आता वईच्या जागी तारेचं कुंपण, बांधावर तणनाशक, आणि ताल सरळ करायला जेसीबी. यात मूळ राहत नाही. मागच्या दहा वर्षांत आमच्या वरच्या खाचरांच्या बांधांवरची वेल निम्म्याने तरी गेली, आता ती ओढ्याच्या कडेला आणि कारवीच्या वरच्या अंगाला आहे. ही माझी नजरेची नोंद, मोजणी नव्हे. जानेवारीतल्या घोसांवर मधमाश्या गर्दी करतात, म्हणून पेट्या ठेवणाऱ्या दोघा मित्रांना मी सांगून ठेवलंय की ओढ्याकडची तोडू नका.

ज्यांना नोंद करायची असेल त्यांनी एवढं करावं. फुलं आणि पानं एकाच फांदीवरची घ्या, शक्यतो फळाचे झुबकेही. हातात जुनी पिशवी किंवा मोजा घाला, रस लागू देऊ नका. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर पाटा किंवा विटा, आणि आठवडाभर रोज कागद बदला. पावसात चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवलं तर वाळतं. चिठ्ठीवर तारीख, गाव, शिवाराचं नाव, बांध की ओढा की कातळ, फुलाचा रंग, आणि घरातली म्हातारी माणसं तिला काय म्हणतात ते त्यांच्याच तोंडचं. तोडणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा, वडिलांच्या नावासकट. जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा विभाग असेल तर दोन प्रती करून एक तिकडे द्या. संरक्षित जंगलात, अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय काही तोडू नका, तिथे फोटोच.

रानजाई आता बहरात आहे, कोजागरीपर्यंत मिळेल. बारीक फुलांची दिवाळीनंतर सुरू होईल. ज्यांच्या शिवारात दोन्ही आहेत त्यांनी दोघींचं एकेक पान एका कागदावर शेजारी शेजारी चिकटवून ठेवा. लव हाताला लागते की नाही, तेवढ्याने ओळख पटते.